बेव्हन यांचं ट्रेडीगर, एका दिवसात: गाइड उत्तम, वेळेची वाटणी चुकली

गेली सहा वर्षं 'अनायरिन बेव्हन' हे नाव मी गळ्यात घालून फिरतेय. ब्रिटनची सर्वांसाठी मोफत सरकारी आरोग्यसेवा सुरू करणारे मंत्री ते हेच. मी वेल्समध्ये न्यूपोर्टला नर्स आहे. इथल्या आरोग्य मंडळाला त्यांचंच नाव आहे, म्हणून ते ओळखपत्रावर असतं. त्यांचं गाव मात्र कधी पाहिलं नव्हतं. मे महिन्यात ३५ पौंड भरून एका छोट्या सहल कंपनीबरोबर ट्रेडीगरला गेले.

गाइड काका गावचेच, खाणकामगाराच्या घरातले. त्यांनी सनावळ्यांच्या आधी बेव्हन यांचं घर सांगितलं. दहा भावंडं, वडील खाणीत. नाय (बेव्हन यांना गावात अजून सगळे हेच म्हणतात) तेराव्या वर्षी टाय-ट्रिस्ट खाणीत उतरले. बोलताना अडखळायचे, म्हणून कामगारांच्या वाचनालयात बसून शब्द गोळा करायचे. एक शब्द अडला की त्याच अर्थाचा दुसरा तयार. १९२५ मध्ये वडील कोळशाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन गेले. छातीच्या वॉर्डात काम करते मी. तो श्वास कसा वाजतो ते मला माहीत आहे. काका हे सांगत असताना मला पुढचं काही वेळ ऐकूच आलं नाही.

मग मेडिकल एड सोसायटीची गोष्ट. खाणकामगार पगारातून थोडे थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून घरातल्या सगळ्यांना डॉक्टर, औषध मिळायचं. आमचे बाबा लालबागच्या गिरणीत होते. त्यांच्या पगारातूनही कामगार विम्याचे पैसे कापले जायचे आणि आम्हा भावंडांचा ताप विम्याच्या दवाखान्यात उतरायचा. आपला विम्याचा कायदाही १९४८ चाच. त्याच वर्षी ५ जुलैला बेव्हन यांनी, आरोग्यमंत्री म्हणून, गावची ही व्यवस्था साऱ्या ब्रिटनला लागू केली. पंतप्रधान ॲटलींच्या मंत्रिमंडळात ते वयाने सर्वांत लहान होते. १९५१ मध्ये चष्मे आणि कवळ्यांना पैसे लावायचं ठरलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. चष्म्यासाठी मंत्रिपद सोडलं! मला तर हे त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. वेल्समध्ये २००७ पासून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांना पैसे पडत नाहीत, हे ऐकून ते नक्की सुखावले असते.

बेडवेल्टी हाऊस निवांत बघा. बेव्हन नगरपरिषदेवर होते तेव्हा गावचा कारभार याच वास्तूतून चालायचा. बागेत कोळशाचा १५ टनांचा एकच ढेकळा ठेवलाय. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी काढलेला, पण हलवताच आला नाही.

तक्रार एकच, पण मोठी. जेवणाला दीड तास आणि बेव्हन यांच्या स्मारकशिळांना दहा मिनिटं! एब्बू व्हेलच्या वरच्या माळावर चार शिळा आहेत. मोठी त्यांची, तीन लहान ट्रेडीगर, एब्बू व्हेल आणि ऱ्हिम्नी या त्यांच्या मतदारसंघातल्या गावांच्या. इथेच ते उघड्यावर सभा घ्यायचे. आम्ही बसमधून उतरलो, फोटो काढले, तोवर हॉर्न वाजला. १९२९ पासून १९६० मध्ये मृत्यू होईपर्यंत ज्या लोकांनी त्यांना निवडून दिलं, त्यांची गावं इथून दिसतात. ती ओळखायला तरी वेळ द्यायचा.

पाचपैकी तीन तारे, तेही काकांसाठी. जुलैमध्ये मी नवऱ्याला घेऊन स्वतःच्या गाडीने पुन्हा गेले आणि माळावर दोन तास बसले. वर झाड नाही, आडोसा नाही. उन्हाळ्यातही जाड जॅकेट न्या.