धानवाल्याला कोणता पैसा जास्त कामाचा: खात्यातले १२ हजार, हेक्टरी बोनस की क्विंटलचा भाव?

वडलांची शेती हातात घ्यायची का, बाजूची दोन-तीन एकर बांधी (धानाचं शेत) ठेक्यानं करायची का, असं डोक्यात चालू असेल आणि घरचे म्हणत असतील की "आता सरकार देते ना इतकं", तर आधी हे बघा की तो पैसा नेमका कशावर मिळतो. नावावर, जमिनीवर का धानाच्या वजनावर. भंडारा-गोंदियात बसून हे तिन्ही प्रकार दिसतात कारण तिसरा प्रकार देवरीच्या पलीकडं, छत्तीसगडमध्ये चालू आहे आणि तिकडच्या पाहुण्यांकडून लग्नाकार्यात त्याचंच ऐकायला मिळतं.

पहिला, पीएम किसान. वर्षाला ६,०००, तीन हप्ते, आणि २०२३ पासून राज्याचे नमो शेतकरीचे तेवढेच, म्हणजे १२,०००. एक एकरवाल्यालाही तेवढेच, दहा एकरवाल्यालाही तेवढेच. धान लावा, तूर लावा, पडीक ठेवा, कोणी विचारत नाही. लहान शेतकऱ्याला म्हणूनच हा बरा पडतो, आणि ज्वारीवाल्याला तर हाच खरा आधार, कारण हमीभाव कागदावर असतो पण ज्वारीची सरकारी खरेदी धानासारखी गावोगाव होत नाही. पण दोन गोष्टी. एक, १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या किंवा वाटणीनं नावावर आलेल्या जमिनीवर नवीन नाव बसत नाही, वारसानं आली तरच बसतं, त्यामुळे "आता सातबारा वेगळा करू म्हणजे दोघा भावांना मिळेल" हा बेत डोक्यातून काढा. दुसरं, केंद्राचे ६,००० हे २०१९ पासून ६,००० च आहेत. त्या वेळी धानाचा हमीभाव १,७५० होता म्हणजे ते जवळपास साडेतीन क्विंटलचे पैसे झाले, २०२५-२६ ला भाव २,३६९, आता ते अडीच क्विंटलचे. ई-केवायसी, आधार, बँक यातलं एक काही अटकलं की हप्ता थांबतो ते वेगळंच.

दुसरा, आपला बोनस, म्हणजे राज्य सरकार धानवाल्याला हमीभावाच्या वर देतं तो पैसा. हा आधी क्विंटलवर होता, ७०० रुपये, ५० क्विंटलपर्यंत. पण वजनावर बोनस असला की व्यापाऱ्याचा धान शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर चढतो अशी बोंब होती, मग तो हेक्टरी झाला, आधी १५,००० आणि नंतर २०,०००, दोन हेक्टरची मर्यादा. माझ्या मते तिघांत हा सगळ्यात समजून आखलेला, कारण पीक बुडालं तरी कमी होत नाही. अडचण एवढीच की रोवणी करताना माहीतच नसतं यंदा मिळणार का आणि किती, अधिवेशनात जाहीर होतो, मग जीआर, मग कधीतरी खात्यात. आणि खरेदीसाठी नोंदणी केली असेल तरच. धान व्यापाऱ्याला विकायचा पक्का विचार असला तरी नोंदणी सोडू नका, लोक तिथंच फसतात.

तिसरा छत्तीसगडचा, ३,१०० रुपये क्विंटल, एकरी २१ क्विंटलपर्यंत. हमीभावाचे पैसे विक्रीनंतर आणि वरचा फरक नंतर एकदम. आकडा ऐकून आपल्याकडचे सगळे हळहळतात, पण हिशोब करून बघा. २०२४-२५ चा हमीभाव २,३००, म्हणजे फरक ८००. दोन एकर, एकरी १६ क्विंटल धरलं तर ३२ क्विंटलवर २५,६००. तेवढ्याच जमिनीवर आपला बोनस साधारण १६,०००. नमो आपल्याच राज्याचा, त्याचे ६,००० धरले तर २२,०००, म्हणजे फरक तितका मोठा नाही. आता पाऊस दगा देऊन एकरी ८ च क्विंटल झाला असं धरा, तिकडं १२,८००, आपल्याकडं तेच २२,०००. पण पाण्याची सोय असलेली पाच एकर असेल तर तिकडं ६४,००० आणि इकडं ४६,०००, मग पलीकडचा पुढं. अजून एक, ३,१०० आकडा २०२३ पासून तोच आहे आणि हमीभाव दरवर्षी चढतोय, त्यामुळे फरक ९१७ वरून ८०० आणि मग ७३१ वर आलाय. ही गोष्ट पाहुणे सांगत नाहीत.

क्विंटलच्या भावातून मिळणाऱ्या पैशाचा शेतीवर परिणाम मात्र जास्त होतो. इतका दर धानाला असला की कोणी दुसरं पीक बघतच नाही, आधीच्या सरकारनं तर तिथं धान सोडून दुसरं लावणाऱ्याला एकरी १०,००० देऊ केले होते, म्हणजे एका हातानं धान वाढवायचा आणि दुसऱ्यानं कमी करायचा. शिवाय बाहेरचा धान आत येतो म्हणून खरेदीच्या दिवसांत सीमेवर नाके लागतात. खरेदी केंद्रावरचा त्रास दोन्हीकडं आहेच, ओलावा १७ टक्क्यांच्या वर निघाला की परत, बारदाना नाही म्हणून थांबा, चुकाऱ्याची (विकलेल्या धानाच्या पैशाची) वाट बघा, आणि ज्याला चुरणीच्या (मळणीच्या) मजुरीला आजच पैसे पाहिजेत तो हमीभावाच्या खाली व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. हमीभाव त्याच्यासाठी असून नसल्यासारखा.

आता ठेक्याचं. इथं तिन्ही प्रकार सारखेच, पैसा सातबारावाल्याचा. पीएम किसान मालकाला, बोनस मालकाच्या खात्यात, केंद्रावर विकायचं तर नोंदणी मालकाच्या नावानं आणि चुकाराही तिकडंच. तेलंगणानं २०१८ ला रयतू बंधू आणली, एकरी पैसे आणि जमिनीला मर्यादाच नाही, तिथंही कसणारा कुळवाला बाहेरच राहिला. ओडिशाच्या कालिया योजनेत वाट्यानं करणाऱ्यांना धरलं होतं, पण ते अपवादच. उलट जमिनीवर पैसा मिळायला लागला की मालक ठेका वाढवतो, म्हणजे तुमच्या हातात नुसता घाम.

म्हणून स्वतःची दोन-तीन एकर असेल तर १२,००० धरून चाला, बोनस हिशोबात धरू नका, आला तर खताची उधारी फेडा. ठेक्यानं घेणार असाल तर बोलणी रोवणीच्या आधी करा, बोनस आला तर कोणाचा, किती वाटा, चुकारा आल्यावर किती दिवसांत द्यायचा, हे दोन माणसांसमोर कागदावर लिहून घ्या. मालक नाही म्हणाला तर बोनस शून्य धरून ठेका पाडून मागा, तीन एकरावर तो साधारण २४,००० चा प्रश्न आहे.