कियालो, पॅडलेट, मेंटीमीटर: नववीच्या वर्गातला अनुभव

वादविवाद म्हटलं की आमच्या शाळेत तीच चार मुलं उठतात. पाठ केलेलं भाषण, मग टाळ्या. समोरचा काय बोलला ते ऐकायची गरज कोणालाच पडत नाही. म्हणून जूनपासून नववीच्या दोन तुकड्यांवर कियालो, पॅडलेट आणि मेंटीमीटर ही चर्चेची तीन ऑनलाइन साधनं वापरतोय. संगणक कक्षात एका मशीनवर दोन-तीन मुलं आणि नेट रामभरोसे, हे धरून पुढचं वाचा.

सगळ्यात कामाचं ठरलं ते कियालो एज्यु. शिक्षकांना मोफत, मुलांना ईमेल लागत नाही. वर एक मुख्य विधान, त्याखाली बाजूचे आणि विरोधातले मुद्दे, आणि त्या प्रत्येक मुद्द्याखाली पुन्हा बाजू-विरोध. त्यामुळे आपलं म्हणणं कुठल्या तरी नेमक्या वाक्याखालीच लिहावं लागतं. हवेत भाषण ठोकायची सोयच नाही. शिवाय एका मुद्द्याला ५०० अक्षरांची मर्यादा. बोलघेवड्यांची तिथेच पंचाईत होते.

एक उदाहरण देतो. सीबीएसईने २०२६पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घ्यायचं ठरवलं. आमचा विषय होता, राज्य मंडळानेही तसंच करावं का. एका मुलीने लिहिलं, दुसरी संधी मिळाली तर ताण कमी होईल. त्याखाली विरोध: जुलैत पुरवणी परीक्षा असतेच की. त्याखाली: ती नापासांसाठी असते. आणि त्याखाली एकाने घरी मोठ्या भावाला विचारून लिहिलं, श्रेणीसुधारासाठी पास झालेल्यांनाही बसता येतं. इथे अख्ख्या वादाचा रोख बदलला. संधी आहे की नाही हा प्रश्न मिटला आणि ती जुलैत मिळून अकरावीच्या प्रवेशाला उपयोग काय, यावर मुलं भांडू लागली. हे लिहिणारा मुलगा वर्गात हजेरीपलीकडे फारसा बोलत नाही.

त्यात मुद्द्याच्या वजनाला ० ते ४ असं मतही देता येतं. ते मी पहिले काही आठवडे बंदच ठेवतो, कारण मुलं मुद्दा बघत नाहीत, बाकावरचा मित्र बघतात.

पॅडलेट शिकायला सर्वात सोपं, पण तो नुसता चिठ्ठ्या चिकटवायचा ऑनलाइन फलक आहे. मतं शेजारी शेजारी चिकटतात, एकमेकांना भिडत नाहीत. विषयाची सुरुवात करायला छान. मोफत खात्यात तीनच फलक मिळतात, जुना पुसून नवा करावा लागतो. निनावी लिहू देणार असाल तर शिक्षकाच्या मंजुरीशिवाय मजकूर दिसणार नाही, ही सेटिंग आधी चालू करा. नववीचा वर्ग आहे, जास्त सांगायला नको.

मेंटीमीटर फक्त मतदानाला: चर्चेआधी एकदा, नंतर एकदा. मोफत खात्यात महिन्याला ५० जण बसतात, म्हणजे दोन्ही तुकड्या मावत नाहीत; एका मशीनवरचे सगळे मिळून एक मत देतात. आकड्यांपेक्षा मला रस त्या आकड्यांमधल्या फरकात. ज्यांचं मत बदललं त्यांना उभं करून विचारतो, नेमक्या कुठल्या मुद्द्याने? इथे स्क्रीन बंद आणि तोंडं सुरू. हा भाग गाळायचा असेल तर बाकी खटाटोप कशाला करायचा, कळत नाही.

मराठी टायपिंगची चिंता होती, ती फोल ठरली. मोबाईलवर मुलं माइक दाबून बोलून लिहितात. कक्षातल्या मशीनवर रोमन अक्षरांत मराठी लिहिलं तरी मी चालवून घेतो. शुद्धलेखनाला वेगळा तास आहे.

या साधनांवर फार विसंबू मात्र नका. गुगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा २०२४च्या अखेरीस बंद झाला, व्हिडिओतून चर्चा करायच्या फ्लिपचं स्वतंत्र ॲपही त्याच वर्षी गेलं. चांगली चर्चा झाली की मी लगेच स्क्रीनशॉट काढून छापून ठेवतो.

वेळ मात्र भरपूर खातं. लॉगिन होईपर्यंत दहा मिनिटं जातात, त्यामुळे पस्तीस मिनिटांच्या तासिकेत कियालो बसत नाही. जोडतासिका मिळवा, त्यासाठी गणिताच्या सरांना चहा पाजावा लागला तरी चालेल. नाहीच मिळाली तर नुसतं मेंटीमीटर वापरा.