जुने बिअरचे मग विकायचेत: संग्रह की धंदा?

वाळूजच्या बिअर कारखान्यांचे मग, लेबलं, पत्र्याच्या पाट्या घरात साठल्या असतील, तर कराच्या दृष्टीने विक्रीचे दोन प्रकार. (भरलेली बाटली यात धरूच नका. कितीही दुर्मीळ असली तरी परवान्याशिवाय विकणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे.)

वर्षानुवर्षं जपलेला संग्रह एकदाच मोडला, तर होणारा फायदा साधारणपणे भांडवली नफा. २४ महिन्यांहून जास्त काळ जवळ असेल तर १२.५ टक्के कर, त्याआधी विकलं तर आपल्या स्लॅबप्रमाणे. खरेदीची पावती जपलेली बरी.

जुन्या बाजारातून उचलून ऑनलाइन विकत राहिलात, तर तो धंदा. कर स्लॅबने, पण कुरिअर-पॅकिंगचा खर्च वजा होतो. नाहीतर अनुमानित पद्धत घ्या: बँकेतून आलेल्या विक्रीच्या ६ टक्के, रोखीच्या ८ टक्के उत्पन्न धरायचं. दुप्पट-तिप्पट भावाने विकणाऱ्याला हेच स्वस्त पडतं! पण संग्रह की धंदा, ही निवड आपली नसते, व्यवहाराची पद्धत ठरवते. धंद्यात वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र धंद्याचं पार्सल हैदराबादला, म्हणजे राज्याबाहेर गेलं की ती सवलत संपली, नोंदणी आधीच हवी.