नऊ महिने स्ट्राँगच्या शब्दसूचीसोबत : 'कडू' या एका इब्री शब्दाचा माग

जेम्स स्ट्राँग यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेली बायबलची शब्दसूची मी गेले नऊ महिने जवळजवळ रोज वापरत आहे. हा अनुभव विशेषतः अशा वाचकांसाठी लिहीत आहे, ज्यांना इब्री (हिब्रू), म्हणजे जुन्या कराराची मूळ भाषा, येत नाही, परंतु दुःखाविषयी शास्त्र, म्हणजे बायबल, नेमके काय म्हणते हे कोणाच्या प्रवचनावर विसंबून न राहता स्वतः पाहायचे आहे. माझी प्रत छापील, जुनी आणि जड आहे. ती मांडीवर घेऊन वाचता येत नाही, टेबल लागते.

माझे पती वारले त्याला दोन वर्षे झाली. दुःख होतेच, पण त्याच्याबरोबर आणखी काही होते, ज्याला मी बराच काळ नाव देत नव्हते. त्यांच्या आजारपणाच्या शेवटच्या महिन्यांत ज्यांनी यायला हवे होते ते आले नाहीत, आणि नंतर मात्र तेच पुढच्या बाकावर बसून रडले. मला रडू येत नव्हते. तोंडाला अन्नाची चव नव्हती आणि मनात सगळ्यांविषयी एक कडवटपणा साचला होता. एका प्रार्थनासभेनंतर मला प्रेमानेच सांगण्यात आले की 'कडूपणाचे मूळ' मनात रुजू देऊ नका, शास्त्रात तसे लिहिले आहे. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, तरीही त्या दिवसापासून दुःखाच्या जोडीला अपराधीपणाही आला. ते वचन नेमके कोठे आहे आणि त्यातला 'कडूपणा' म्हणजे माझाच कडवटपणा आहे का, हे तपासण्यासाठी मी हे पुस्तक घेतले.

वापरण्याची पद्धत प्रथम सांगते, कारण ती न समजल्यामुळे माझे पहिले तीन आठवडे वाया गेले. ही सूची १६११च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरावर बेतलेली आहे. त्या भाषांतरातला प्रत्येक शब्द ज्या ज्या वचनात येतो ती वचने एकाखाली एक दिलेली असतात, आणि प्रत्येक वचनापुढे मूळ शब्दाचा क्रमांक असतो. पुस्तकाच्या शेवटी इब्री शब्दांचा कोश आहे. त्यात ८६७४ नोंदी आहेत. म्हणजे मराठी शास्त्रातील वचनावरून आधी इंग्रजी शब्द शोधायचा, त्यावरून क्रमांक आणि क्रमांकावरून इब्री शब्द. हा वळसा कंटाळवाणा आहे, आणि ज्यांना इंग्रजी वाचणे जड जाते त्यांना हे पुस्तक घ्या असे मी म्हणू शकत नाही.

माझा शब्द होता क्रमांक ४७५१, उच्चार 'मार', अर्थ कडू. कोशातल्या या नोंदीच्या शेवटी किंग जेम्सच्या भाषांतरकारांनी त्यासाठी वापरलेले सगळे इंग्रजी शब्द दिलेले आहेत, आणि ती बारीक अक्षरातली ओळ वाचताना मी थांबले. कडू तर होताच; पण त्याशिवाय रागावलेला, चवताळलेला, असंतुष्ट, जड असे अर्थाचे शब्दही होते. एकाच इब्री शब्दाला इतकी तोंडे आहेत हे भाषांतर वाचून कधीच कळले नसते. मग त्या प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली जाऊन ४७५१ हा आकडा कोठे कोठे येतो ते पेन्सिलीने टिपून काढावे लागले, कारण आकड्यावरून थेट सर्व वचने देणारी सोय मूळ सूचीत नाही. या एका शब्दासाठी मला सहा संध्याकाळी लागल्या.

त्या सहा संध्याकाळींनी जे दिले ते असे. 'मार' या शब्दाला अनेक ठिकाणी 'नेफेश' हा शब्द चिकटून येतो. नेफेशचे भाषांतर आपल्याकडे जीव, प्राण, आत्मा असे होते. पण त्याच्या मुळाशी घसा आणि श्वास आहेत. एकोणसत्तराव्या स्तोत्रात बुडणारा माणूस म्हणतो की पाणी माझ्या नेफेशपर्यंत आले आहे, म्हणजे गळ्यापर्यंत. प्राण कंठाशी येणे असे आपण मराठीत म्हणतो, त्यामुळे मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. 'मार नेफेश' म्हणजे ज्याच्या घशातच कडू उतरले आहे, ज्याला गोड घासही कडू लागतो असा माणूस. ही मनाची वृत्ती म्हणून सांगितलेली नाही, स्वभावदोष म्हणून तर नाहीच. ती अवस्था म्हणून सांगितली आहे, तहानेसारखी.

पहिल्या शमुवेलातली निपुत्रिक हन्ना अशीच आहे. सवत पनिन्ना वर्षानुवर्षे तिला डिवचते, नवरा एलकाना विचारतो की मी तुला दहा पुत्रांहून अधिक नाही का, आणि ती शिलो येथे मंदिरात जाऊन 'मारत नाफेश' अवस्थेत रडते. तिचे ओठ हलतात पण आवाज येत नाही, म्हणून याजक एली तिला प्यालेली समजतो. ती उत्तर देते की मी मद्य घेतलेले नाही, मी माझा जीव परमेश्वरापुढे ओतला आहे. एली तिला शांतीने जा म्हणतो, ती जेवते, आणि तिचा चेहरा पालटतो. तोवर तिला मूल झालेले नाही, काहीच बदललेले नाही. माझ्या दृष्टीने या अध्यायातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि प्रवचनांत मात्र नेहमी तिच्या मुलाच्या, शमुवेलाच्या, जन्माकडे घाईने जातात.

रूथच्या पुस्तकातल्या नामीची गोष्ट आधीपासून ठाऊक होती, तरी पुरती कळली नव्हती. मवाबात नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून ती बेथलेहेमला परतते आणि गावच्या बायकांना सांगते की मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कारण सर्वसमर्थाने माझे फार कडू केले आहे. 'मारा' हा क्रमांक ४७५५. आपल्या प्रचलित मराठी शास्त्रात त्याचा अर्थ 'क्लेशमया' असा दिला आहे. शब्द सुंदर आहे, पण त्यात चव राहत नाही. ती स्वतःला कडू म्हणते, आणि देवाने कडू केले असे उघड म्हणते. तिला कोणीही गप्प करत नाही. त्याच वेळी, लगेच पुढच्या वचनात निवेदक लिहितो की नामी परत आली. मारा हे नाव त्या पुस्तकात पुन्हा येत नाही. तिचा शब्द जसाच्या तसा लिहून ठेवला आहे, पण तिचे नाव मात्र कोणी बदललेले नाही, हे माझ्या लक्षात पहिल्यांदाच आले आणि त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

दुसऱ्या राजे या पुस्तकातल्या शुनेमच्या बाईजवळ मात्र मी महिनाभर थांबले. तिचा मुलगा दुपारी तिच्या मांडीवर मरतो. ती गाढवावर बसून कर्मेल डोंगराकडे, अलीशा संदेष्ट्याकडे निघते. वाटेत संदेष्ट्याचा चाकर गेहजी विचारतो, तू बरी आहेस ना, नवरा बरा आहे ना, मुलगा बरा आहे ना? ती एकच शब्द बोलते, 'शालोम'. बरे आहे. ज्या घरातून नुकतेच कोणी गेले आहे त्या घरातल्या माणसाला हे उत्तर समजते. दारात उभ्या असलेल्याला आपण तेच सांगतो. मग ती संदेष्ट्याचे पाय धरते, गेहजी तिला दूर ढकलायला पुढे होतो, आणि अलीशा म्हणतो : तिला असू दे, तिच्या जिवाला कडू झाले आहे, आणि परमेश्वराने ते माझ्यापासून लपवले आहे. कडू झालेल्या माणसाला हात लावू नकोस असे म्हणणारा हा माणूस संदेष्टा आहे, आणि आपल्याला कारण माहीत नाही असे तो सांगतो. नीतिसूत्रांच्या चौदाव्या अध्यायातले दहावे वचन मला यानंतर नीट वाचता आले. त्याचा शब्दशः अर्थ असा : हृदय आपल्या जिवाचा कडूपणा जाणते, आणि त्याच्या आनंदात परका मिसळत नाही. तेथे शब्द ४७८७ आहे, 'मोर्रा', आणि त्यातल्या र या अक्षराचे द्वित्व झाले आहे, जे इब्रीत या अक्षराच्या बाबतीत फार क्वचित होते. त्यावर काही अर्थ लादणे बरोबर नाही हे मी जाणते. तरी मोठ्याने वाचताना जीभ तेथे अडते.

आता ज्या वचनासाठी हे सगळे सुरू केले त्याकडे येते. 'कडूपणाचे मूळ' हे शब्द इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात, म्हणजे ग्रीक भाषेतल्या नव्या करारात आहेत, आणि ते 'अनुवाद' या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातून आलेले आहेत. तेथे मोशे इतर देवांच्या मागे लागण्याचा विचार मनात बाळगणाऱ्या माणसाविषयी बोलतो आहे. विष आणि कडू दवणा उपजवणारे मूळ तुमच्यात नसावे, असे तो म्हणतो. तेथले इब्री शब्द ७२१९ आणि ३९३९ आहेत. ४७५१ तेथे नाहीच. हन्नाचा, नामीचा, शुनेमच्या बाईचा शब्द त्या इशाऱ्यात नाही. (हे वचन शोधताना एक संध्याकाळ अशी गेली की इब्री मजकुरात तो क्रमांक १७ आहे आणि आपल्याकडे १८, स्तोत्रांतही असा एकाचा फरक पुष्कळदा पडतो, हे नव्या वाचकाने आधीच लक्षात ठेवावे.) मी तो आकडा तीनदा पडताळून पाहिला.

याचा अर्थ कडवटपणा निर्धोक आहे असा मी काढलेला नाही, आणि शब्दसूची तसा काढूही देत नाही. शास्ते या पुस्तकात दानाच्या वंशातले लोक मीखाला धमकावतात की गप्प राहा, नाही तर 'मार नेफेश' माणसे तुझ्यावर तुटून पडतील. सिकलाग नगर जळाल्यावर मुलाबाळांसाठी जिवाला कडू झालेले लोक दावीदालाच दगडमार करू पाहतात. दुसऱ्या शमुवेलात पिल्ले हिरावलेल्या अस्वलीची उपमा याच शब्दाला दिलेली आहे. कडूपणा हिंसेच्या दारापाशी उभा असतो हे शास्त्राला पुरते ठाऊक आहे. ईयोब मात्र सातव्या अध्यायात म्हणतो की मी माझे तोंड आवरणार नाही, माझ्या जिवाच्या कडूपणात मी गाऱ्हाणे सांगेन; आणि शेवटी देव त्याच्या मित्रांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी माझा सेवक ईयोब याच्यासारखे यथार्थ बोलला नाहीत. मित्रांनी देवाची बाजू घेतली होती. हे मी आता विसरू शकत नाही.

पुस्तकाच्या उणिवा गंभीर आहेत. कोशातले अर्थ एका-दोन शब्दांत उरकलेले आहेत आणि धातूंच्या व्युत्पत्ती जुन्या आहेत. गंधरसाचा 'मोर' (४७५३) कडूपणातून आला म्हणून त्यावर प्रवचन रचण्याचा मोह होतो, तो आवरावा. 'बंड करणे' हा ४७८४ ऐकायला अगदी तसाच लागतो, पण तो वेगळा धातू आहे. सर्वांत मोठी उणीव अशी की जेथे शब्द नाही तेथे दुःखही दिसत नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र हे सगळ्या स्तोत्रांत काळोखे, त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' असा आहे, आणि त्यात 'मार' एकदाही येत नाही. केवळ सूचीच्या आधाराने वाचणाऱ्याला ते सापडणार नाही.

मराठी वाचकाची अडचण वेगळी. इब्रीकडे जाताना मध्ये इंग्रजी ओलांडावी लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण आपल्याकडची वाट जुनी आहे. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत इब्री व्याकरण मराठीतून लिहिले. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजासाठी १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, विधीचे पुस्तक इब्री आणि मराठीत छापले गेले, आणि त्या विधीत कडू भाजी खाताना मिसर देशात पूर्वजांचे आयुष्य कडू केले गेले ही आठवण बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या शब्दांत, 'मार'च्याच धातूने, करतात. केडगावला पंडिता रमाबाई मूळ इब्री व ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर करत राहिल्या, १९२२ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत. हे सारे असताना आजच्या घडीला माझ्या टेबलावरचे साधन इंग्रजीच आहे.

घेणाऱ्यांना एक सुचवते : इब्रीची बावीस अक्षरे आधी शिकून घ्यावीत. मला त्यासाठी तीन आठवडे लागले आणि नंतर कोशातला शब्द मूळ मजकुरात डोळ्यांनी ओळखता येऊ लागला. केवळ आकड्यांवर राहिले असते तर ते जमले नसते. छपाई फार बारीक आहे, चष्म्याबरोबर भिंगही लागते.

सध्या मी ३७०८ वर आहे. उच्चार 'कआस'. पनिन्नाच्या डिवचण्याला आणि हन्नाच्या मनस्तापाला हाच धातू आहे. उपदेशकाच्या सातव्या अध्यायात, तिसऱ्या वचनात, किंग जेम्समध्ये त्याचे भाषांतर दुःख असे होते आणि ते हास्यापेक्षा बरे म्हटले आहे. नवव्या वचनात तोच शब्द राग होतो आणि तो मूर्खाच्या उराशी राहतो असे म्हटले आहे. सहा वचनांचे अंतर आहे. यालाही पाच-सहा संध्याकाळी लागतील असे दिसते.