डोळे आल्यावर सीएमसी ड्रॉप्स: आराम नक्की, पण साथीवरचं औषध नाही

सीएमसी म्हणजे कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज. त्याचा ०.५ टक्क्यांचा ड्रॉप, म्हणजे कृत्रिम अश्रूंची १० मिलीची बाटली. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, तशी साथ नागपुरात आली तर घरात आणायला हा ड्रॉप चांगला. मात्र त्याने विषाणू मरत नाही. साथीतले डोळे बहुधा अ‍ॅडिनोव्हायरसमुळे येतात आणि साधारण १ ते २ आठवड्यांत आपोआप बरे होतात. तोवर डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचतं, जळजळतं, ते या ड्रॉपने कमी होतं.

बाटली उघडतानाच बरेच जण चुकतात. काही बाटल्यांच्या झाकणातच आत टोक असतं. झाकण घट्ट फिरवलं की तोंडाला छिद्र पडतं. सुईने किंवा टाचणीने टोचलं तर छिद्र मोठं होतं, थेंब जाड पडतो, शिवाय घाण आत जाते. साबणाने हात धुवा, खालची पापणी ओढा, एकच थेंब टाका आणि मिनिटभर डोळा मिटा. दुसरा थेंब गालावरच ओघळतो, कारण डोळ्यात तेवढी जागाच नसते. दुसरं औषध चालू असेल तर मध्ये ५ मिनिटं जाऊ द्या. दिवसातून ४ वेळा पुरतं. त्याहून जास्त लागत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) नसलेल्या, एकदा वापरून टाकायच्या कुप्या घ्या, महाग असल्या तरी.

बाटलीचं तोंड पापणीला लागू देऊ नका आणि एका माणसाला एकच बाटली, घरातल्या नवराबायकोतसुद्धा. टॉवेल, उशीचा अभ्राही वेगळा. नुसतं डोळ्यांकडे पाहून डोळे येत नाहीत. मुख्यतः हात आणि कपड्यांतून पसरतात. काळा चष्मा उजेडापुरता.

स्कूटीच्या डिक्कीत बाटली ठेवू नका, उन्हाने औषध खराब होतं. फ्रिजच्या दारात ठेवली तर गार थेंबाने आणखी बरं वाटतं.

काउंटरवर कोणी स्टेरॉइडमिश्रित ड्रॉप पुढे केला तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. लाली पटकन उतरते, पण संसर्ग हर्पिस विषाणूचा असेल तर बुबुळाला इजा होते. घट्ट पिवळा पू, खूप दुखणं, उजेड सहन न होणं, अंधुक दिसणं, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारा रुग्ण किंवा तान्हं बाळ असेल तर ड्रॉपच्या भरवशावर थांबू नका. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मेयो रुग्णालयाच्या नेत्रविभागात दाखवा.

१० मिलीत साधारण २०० थेंब निघतात, त्यामुळे डोळे बरे झाले तरी बाटली अर्धी उरते. ती फेकाच.