लष्करी मदत अडवून मित्रदेशाला झुकवावं का? मत ठरवण्याआधी हे प्रसंग शेजारी ठेवा

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हातात हे हत्यार कायमच असतं. ते वापरावं की नाही, याला सरसकट हो किंवा नाही म्हणण्याआधी दोन प्रसंग ताडून बघा.

२०१९, युक्रेन. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, मंजूर केलेली सुमारे ३९.१ कोटी डॉलरची मदत ट्रम्प यांनी रोखून धरली होती. २५ जुलैच्या फोनवर युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी आणखी जॅव्हलिन ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं घेण्याची तयारी दाखवली. त्यावर ट्रम्प यांनी लगेच, आमचंही एक काम करा, असा सूर लावला. आधी २०१६ च्या निवडणुकीशी जोडलेली चौकशी मागितली, मग निवडणुकीतले प्रतिस्पर्धी बायडेन यांची. फोन संपल्यावर दीडेक तासात व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा ई-मेल संरक्षण खात्यात पोहोचला: पैसे थांबवा, आणि हे फार कुणाला कळू देऊ नका. भ्रष्टाचाराची काळजी होती, युरोप आपला वाटा उचलत नव्हता, हा ट्रम्प यांचा खुलासा. मग गुपचूपपणा कशासाठी, हे मला आजही पटत नाही. मदत ११ सप्टेंबरला सुटली. मंजूर पैसा राष्ट्राध्यक्षांनी परस्पर रोखू नये असं सांगणाऱ्या १९७४ च्या कायद्याविरुद्ध हे होतं, असा निर्वाळा काँग्रेसच्या हिशेबतपासणी संस्थेने नंतर दिला. याच प्रकरणातला ट्रम्प यांच्यावरचा महाभियोग मात्र सिनेटमध्ये फेटाळला गेला.

१९८२, इस्रायल. लेबनॉनमधल्या नागरी वस्त्यांवर इस्रायलने अमेरिकी क्लस्टर बॉम्ब (एकातून अनेक छोटे बॉम्ब विखुरणारे) टाकल्याचे आरोप झाले आणि रेगन यांनी जुलैत त्यांचा पुरवठा बंद केला. हे बॉम्ब कुठे वापरायचे याच्या अटी देतानाच घातलेल्या होत्या. इथे तक्रार शस्त्राच्या वापराबद्दलच होती, आणि रेगन यांना स्वतःच्या निवडणुकीसाठी त्यातून काही मिळवायचं नव्हतं.

माझा कौल इथेच ठरतो. दिलेल्या शस्त्राचा हिशेब मागणं हा देणाऱ्याचा हक्क आहे. देशाच्या पैशावर स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याची चौकशी विकत घेणं हा नाही.

उघड दबाव आणला म्हणून तो लागू पडतोच असं नाही. मे २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी इस्रायलला जाणारी २,००० पौंडी बॉम्बची खेप थांबवली, टीव्हीवर तसं सांगितलंही. तरी गाझातल्या रफाहमधली इस्रायलची कारवाई चालूच राहिली.

खरी अडचण मार्च २०२५ ची. ट्रम्प यांनी युक्रेनची मदत उघडपणे थांबवली, सोबत युद्धासाठी पुरवली जाणारी गुप्त माहितीही. ११ मार्चला सौदी अरेबियातल्या जेद्दामध्ये अमेरिकेशी झालेल्या चर्चेत युक्रेनने रशियासोबतच्या ३० दिवसांच्या युद्धविरामाला होकार दिला आणि दोन्ही पुन्हा सुरू झालं. दबाव कामी आला, असं म्हणणाऱ्यांकडे हा भक्कम पुरावा आहे. तरीही मी विरोधात आहे. ज्याच्यावर आक्रमण झालं त्याचाच पुरवठा तोडला गेला, आणि रशियाने तो ३० दिवसांचा प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारलाच नाही.