ॲडेलिना पॅटी: दोन सीडींचा संच, खरखरीसकट

गेली बावीस वर्षं मी गाणं शिकवते. ऑपेरा मात्र कधी मन लावून ऐकला नव्हता. हा संच महिनाभर रोज लावतेय, आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ऑपेरा गायिका पॅटी १८४३ मध्ये माद्रिदला गायक आईवडिलांच्या पोटी जन्मली. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये डोनिझेत्तीच्या ऑपेरातली नायिका 'लुचिया' म्हणून उभी राहिली, १८६१ मध्ये लंडनचं कॉव्हेंट गार्डन हे ऑपेरागृह जिंकलं. पुढे अमेरिकेत तिची एका रात्रीची बिदागी पाच हजार डॉलर होती. त्या दिवसांतला आवाज आपल्यासाठी गेला तो गेलाच. रेकॉर्डिंग झालं ते १९०५-०६ मध्ये, वेल्समधल्या क्रेग-इ-नॉस या तिच्या वाड्यात, बासष्टी उलटल्यावर. यंत्र घेऊन तिथे गेलेला फ्रेड गैसबर्ग म्हणजे १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानचा आवाज टिपणाराच. माइक नव्हताच, कर्ण्यासमोर तोंड करून गायचं.

संगीतकार बेलिनीच्या 'ला सोन्नाम्बुला' या ऑपेरामधलं 'आह, नॉन क्रेदेआ' ऐकून मी थक्क झाले. लंडनमध्ये पहिल्यांदा गायली ती याच ऑपेरात, या मुद्रणाच्या पंचेचाळीस वर्षं आधी. दम पुरत नाही, मधेच श्वास घ्यावा लागतो, ते लपवतही नाही. पण एका सुरावरून दुसऱ्यावर जाते ती चक्क मींडेनं, सूर न तोडता घसरत! आजच्या ऑपेरा गायिकांकडून मी अशी मींड ऐकलेली नाही. 'ला कालेसेरा' या स्पॅनिश गाण्यात तर ती मधेच मोठ्यानं हाकारते. माझ्या विद्यार्थिनी दचकल्याच.

याआधी एका ठिकाणाहून हीच गाणी उतरवून घेतली होती. तिथे खरखर काढता काढता श्वासही पुसून टाकले होते, आवाज प्लास्टिकसारखा लागायचा. इथे खरखर भरपूर आहे, पण तिच्या मागे माणूस आहे. रेकॉर्ड फिरण्याच्या वेगाकडेही नीट लक्ष दिलंय; वेग चुकला की सूरच बदलतो. तानपुरा जुळवून पाहिला, गाणं संपेपर्यंत सूर घसरला नाही. जुन्या मुद्रणांत हे फार महत्त्वाचं असतं.

पुस्तिकेतली अक्षरं फार बारीक आहेत, आणि गाण्यांचे शब्द दिलेले नाहीत. ते द्यायला हवे होते.

घेतलात तर आधी 'आह, नॉन क्रेदेआ' लावा. हेडफोन नको, खोलीत, पंखा बंद करून.